मोठ्या वृत्तपत्राची संपादक कशी घडते? सांगली-साताऱ्याच्या मुलींसाठी

आज घरी आलेला पेपर उलटा करा आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी बघा. बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी असतात. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठल्या प्रेसमध्ये छापलं आणि संपादक कोण. बहुतेक पेपरांत संपादकाच्या नावापुढे फुलीसारखी खूण करून लिहिलेलं असतं की पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. पिढ्यान् पिढ्या पेपर वाचणाऱ्या घरांतही ही ओळ कुणी वाचत नाही. संपादक म्हणजे नेमकं कोण, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मात्र तिथेच आहे.

पीआरबी म्हणजे 1867 चा मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायदा. अंकात काय छापायचं याची निवड ज्याच्या हातात तो संपादक, अशी त्याची साधी व्याख्या होती. तो कायदा आता गेला, 1 मार्च 2024 पासून त्याच्या जागी 2023 चा नवा कायदा आला, पण मुद्दा बदललेला नाही. अग्रलेख लिहिणं, व्यासपीठावर बसणं, मंत्र्यांची मुलाखत घेणं हे सगळं नंतरचं. आधी निवड, आणि त्या निवडीचं ओझं. जतच्या वार्ताहराने पाठवलेल्या चार ओळींवरून कुणी बदनामीचा खटला भरला, तर जत कधी न पाहिलेल्या संपादकालाही समन्स येऊ शकतं. आपल्या नावाखाली रोज शेकडो लोकांचं लेखन जातं आणि त्या प्रत्येक ओळीला आपण उत्तरदायी असतो, अशी ही नोकरी आहे.

सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या मुली पत्रकारिता शिकायला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्याला जातात. घरचे विचारतात, "टीव्हीवर दिसणार का?" मोठ्या वृत्तपत्राची संपादक होणं हेही या शिक्षणाचं एक टोक आहे, हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. ती वाट दिसत नाही म्हणून येत नाही, असं मला वाटतं.

पहिला गोंधळ मालक आणि संपादक यांच्यातला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन पोस्टचं नाव निघालं की कॅथरिन ग्रॅहम आठवतात. 1963 मध्ये पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी कंपनीची सूत्रं हाती घेतली. 1971 मध्ये व्हिएतनाम युद्धासंबंधीची गुप्त सरकारी कागदपत्रं छापायची की नाही, हा शेवटचा होकार त्यांनी दिला. कंपनी बुडेल, तुरुंगात जावं लागेल अशी भीती वकील घालत असताना दिला. ते धैर्य मोठंच होतं. तरीही ग्रॅहम मालक-प्रकाशक होत्या. बातम्यांचा कारभार बेन ब्रॅडली या संपादकाकडे होता. पोस्टच्या न्यूजरूमच्या प्रमुखपदी पहिली स्त्री यायला 2021 साल उजाडलं. त्या सॅली बझबी. त्याआधी त्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या कार्यकारी संपादक होत्या. 2024 च्या जूनमध्ये, न्यूजरूमच्या फेररचनेचा विषय तापलेला असताना, त्यांनी पद सोडलं.

मालकाची खुर्ची वारशाने येऊ शकते. संपादकाची मिळवावी लागते, आणि मतभेद झाले की सोडावीही लागते. आपल्याला हे कळायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर 1881 साली सुरू झालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक. समाजसुधारणेच्या, त्यातही स्त्रियांच्या प्रश्नांवर सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा ते 1887 मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. टेंभूचं नाव आता उपसा सिंचन योजनेमुळे घरोघरी आहे. पत्रकारिता शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने ते आगरकरांमुळेही लक्षात ठेवावं.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॉशिंग्टन पोस्ट सुरू झाला 1877 मध्ये. त्याच वर्षी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला, सत्यशोधक चळवळीचं वृत्तपत्र. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पती वासुदेव बिर्जे यांच्या निधनानंतर, 'दीनबंधू'चं संपादन तानूबाई बिर्जे यांनी अंगावर घेतलं आणि 1912 पर्यंत निभावलं. फुले दांपत्याच्या सहवासात वाढलेल्या या बाई. सावित्रीबाई म्हणजे साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेक. म्हणजे ज्या शिक्षणाची सुरुवात नायगावच्या मुलीने केली, त्यातून एका पिढीत वृत्तपत्राची संपादक तयार झाली. 'दीनबंधू' छोटं पत्र होतं, पोस्टच्या पसाऱ्याशी त्याची तुलना नाही. पण एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन पत्रांत स्त्रीच्या हाती संपादन शतकभर आधी गेलं ते मराठीत. हे आपल्या अभ्यासक्रमात ठळकपणे शिकवलं जायला हवं.

आता संपादकाचं काम प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. सांगलीकराला ऑगस्ट 2019 विसरणं शक्य नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांपर्यंत चढलं. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. अशा रात्री डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या निवडून पानं तयार करणाऱ्या विभागात, काय चालतं? मृतांचा आकडा एकसारखा बदलत असतो. गावातला माणूस एक सांगतो, पोलीस वेगळा, जिल्हाधिकारी कार्यालय तिसराच. त्या दिवशीही आकडा पुढे वाढत गेला. पान छपाईला सोडायची वेळ मात्र ठरलेली. मग कुणाच्या हवाल्याने कोणता आकडा हेडिंगमध्ये घ्यायचा? सापडलेले मृतदेह आणि बेपत्ता माणसं यांची बेरीज करून मोठा आकडा द्यायचा की दोन्ही वेगळे ठेवायचे? नावं छापायची, तर घरच्यांना कळलंय का? काठावर आणून ठेवलेल्या मृतदेहांचा फोटो हातात आलाय, तो लावायचा का?

हे प्रश्न एका बातमीचे झाले. त्याच वेळी दुसरीकडे हिशेब चालू असतो की उद्या सकाळी वाचकाला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, अलमट्टीतून किती, कुठला रस्ता बंद, निवारा केंद्र कुठल्या शाळेत. ही चौकट पान एकवर हवी, त्यासाठी एखादी मोठी जाहिरात आत ढकलावी लागते, आणि जाहिरात विभागाशी ते भांडण कुणीतरी करावं लागतं. जिल्ह्याच्या पश्चिमेला पूर आणि पूर्वेला जत-आटपाडीला टंचाई हे चित्र सांगलीला नवीन नाही, त्यामुळे दोन्हींना एकाच अंकात जागा द्यायची असते. लांबच्या तालुक्यांची डाक आवृत्ती आधी सुटते, शहर आवृत्ती नंतर. ताज्या आकड्यासाठी डाक थांबवली तर गाडी चुकते, आणि गाडी चुकली की गावात पेपर दुपारी. त्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, म्हणजे छापलेले गठ्ठे न्यायचे कुठून हासुद्धा संपादकाच्याच डोक्याला ताप.

हे सगळं एका तासात ठरतं. ठरवणाऱ्या माणसाला त्याआधी बरीच वर्षं अशा छोट्या-मोठ्या रात्रींची सवय असावी लागते. स्त्रियांची वाट अडते ती नेमकी इथे.

वृत्तपत्रात वर जायचे दोन रस्ते. एक रिपोर्टिंगचा: ट्रेनी, बातमीदार, वरिष्ठ बातमीदार, ब्युरो चीफ (एखाद्या ठिकाणच्या बातमीदारांच्या कचेरीचा प्रमुख). दुसरा डेस्कचा: उपसंपादक, मुख्य उपसंपादक, वृत्तसंपादक. दोन्ही पुढे आवृत्तीप्रमुख किंवा निवासी संपादक (एका ठिकाणच्या आवृत्तीचा संपादक) या ठिकाणी मिळतात आणि तिथून कार्यकारी संपादक, संपादक असे वर जातात. हुद्द्यांची नावं पेपरागणिक बदलतात, त्यात अडकायचं कारण नाही. बघायचं ते एवढंच की एखादा पूर्ण भाग पहिल्यांदा तुमच्या नावावर केव्हा होतो. एखादं पान नाही, अख्खी आवृत्ती. माणसं, बजेट, वेळ, चुका सगळं तुमचं. पंगतीत वाढायला मदत करणं वेगळं आणि चारशे पानांचं जेवण स्वतःच्या जबाबदारीवर उरकणं वेगळं. ही जबाबदारी वयाच्या तिशीत मिळालेली व्यक्ती पंचेचाळिशीत संपादकपदाच्या यादीत असते. न मिळालेली व्यक्ती तितकीच हुशार असली तरी उत्तम लेखिका म्हणून निवृत्त होते.

कॅथरिन वायनर यांची वाटचाल याच दृष्टीने वाचण्यासारखी आहे. 2015 मध्ये त्या ब्रिटनच्या गार्डियनच्या मुख्य संपादक झाल्या, त्या पत्राच्या 194 वर्षांतल्या पहिल्या स्त्री. त्या लंडनच्या नाहीत, यॉर्कशायरच्या. शाळेत असताना परीक्षापद्धतीतल्या बदलावर त्यांचा लेख गार्डियनमध्ये छापून आला होता. तरी पत्रकारिता हे लंडनमधल्या सुटाबुटातल्या पुरुषांचं काम, असं त्यांना वाटायचं. गार्डियनच्या महिला पानाने घेतलेली एक स्पर्धा त्यांनी जिंकली आणि त्या पानाच्या संपादक बाईंनी त्यांना सांगितलं की हाच व्यवसाय धर. मग कॉस्मोपॉलिटन मासिक, संडे टाइम्स, आणि 1997 पासून गार्डियन. 1998 ते 2006 त्या शनिवारच्या पुरवणीच्या संपादक होत्या. पुढे फीचर्स, आणि 2008 मध्ये उपमुख्य संपादक.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, पुरवणीतूनही मुख्य संपादक होता येतं तर! होता येतं, पण पुढची दोन वर्षं बघा. 2013 मध्ये त्यांना सिडनीला पाठवलं, गार्डियनची ऑस्ट्रेलियन आवृत्ती शून्यातून उभी करायला. 2014 मध्ये न्यूयॉर्कला, अमेरिकन आवृत्तीची प्रमुख म्हणून. भरती, खर्च, वाचक, स्थानिक राजकारण असं अख्खं दुकान त्यांनी दोनदा चालवून दाखवलं. त्यानंतर संपादकपदासाठी कर्मचाऱ्यांचं मतदान झालं, त्यात इच्छुकांमध्ये सगळ्यांत पुढे राहून त्यांना निम्म्याहून जास्त पसंतीची मतं पडली. अंतिम निवड पत्राची मालकी असलेल्या स्कॉट ट्रस्टने केली. आपल्याकडे कर्मचारी संपादकासाठी मत देतात असं मी तरी ऐकलेलं नाही, पण विचार करण्यासारखी पद्धत आहे.

खुर्ची मिळाली तेव्हा संस्था मोठ्या तोट्यात होती. माणसं कमी करावी लागली. 2018 च्या जानेवारीत छापील अंकाचा आकार लहान करून टॅब्लॉइड केला. वेबसाइटला पैशांचं कुलूप न लावता वाचकांना स्वेच्छेने पैसे द्यायचं आवाहन केलं, आणि 2019 मध्ये जमाखर्च जुळल्याचं संस्थेने जाहीर केलं. त्याच काळात विंडरश प्रकरणाच्या बातम्यांनी ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. कॅरिबियन बेटांवरून दशकांपूर्वी कायदेशीरपणे आलेल्या लोकांना सरकार बेकायदा ठरवत होतं, ते गार्डियनच्या बातमीदाराने चिकाटीने उघड केलं होतं. खर्च कापायचा असताना अशा महिनोन् महिने चालणाऱ्या बातमीला माणूस मोकळा ठेवणं, हा निर्णय संपादकाचा असतो. वाचकाला तो कधीच दिसत नाही.

नेतृत्व संशोधकांनी एक गोष्ट नोंदवली आहे. मिशेल रायन आणि ॲलेक्स हास्लाम यांनी 2005 मध्ये मांडलं की संस्था अडचणीत आली की वरच्या पदावर स्त्री येण्याची शक्यता वाढते, आणि मग अपयशाचं खापरही तिच्याच माथी फुटतं. वृत्तपत्रांच्या बाबतीत हे मला बरंचसं पटतं. छापील पेपरचा खप आणि जाहिराती उतरणीला लागल्या त्याच काळात मोठ्या न्यूजरूमची दारं स्त्रियांना उघडली. न्यूयॉर्क टाइम्समध्ये 2011 ला जिल अब्रॅमसन, 160 वर्षांत पहिल्या. फायनान्शियल टाइम्समध्ये 2020 ला रूला खलाफ. रॉयटर्समध्ये 2021 ला अलेसांद्रा गॅलोनी. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये 2023 ला एमा टकर.

अब्रॅमसन यांचं तर सगळं पुरुषांच्या मानल्या गेलेल्या वाटेनेच झालं होतं. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये शोधपत्रकारिता, टाइम्सच्या वॉशिंग्टन ब्युरोची प्रमुख, मग व्यवस्थापकीय संपादक, मग सर्वोच्च पद. 2013 मध्ये त्यांच्या हाताखाली पत्राने अमेरिकन पत्रकारितेतले मानाचे चार पुलित्झर पुरस्कार जिंकले. 14 मे 2014 ला त्यांना काढलं, अजून तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. कंपनीने कारण दिलं त्यांच्या कारभाराच्या पद्धतीचं. आधीच्या संपादकापेक्षा आपल्याला पगार कमी का, असं त्यांनी विचारल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या. वेतनात भेदभाव नव्हता, असं कंपनीचं म्हणणं. बंद खोलीत काय झालं ते आतल्या लोकांना माहीत. पण पद मिळालं की प्रवास संपतो, असं समजणाऱ्याने हे वाचावं.

आणि टकर यांनी सूत्रं घेऊन दोन महिने होत नाहीत तोच त्यांचा बातमीदार इव्हान गेर्शकोविच याला रशियाने हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. 1 ऑगस्ट 2024 ला तो सुटेपर्यंत रोजच्या पेपरबरोबर त्याचं नाव जगाच्या तोंडी ठेवणं हेही संपादकाचं काम झालं. आपल्या माणसासाठी उभं राहणं हा या पदाचा अर्धा भाग आहे. वाळू चोरीची बातमी दिली म्हणून धमकी आलेल्या तालुका वार्ताहराला विचारा, त्या रात्री मुख्य कचेरीतून एक फोन येणं म्हणजे काय असतं.

महिला पानाला कमी लेखायची आपल्याकडे सवय आहे, ती मला मान्य नाही. वायनर त्याच दारातून आत आल्या. आपल्या जिल्ह्यात पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. नांगर बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या गावातून 1930 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. पुढे ते पुण्याला गेलं. 1980 च्या दशकात विद्या बाळ त्याच्या संपादक झाल्या, आणि 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. मासिकं सांभाळणाऱ्या, लेखक घडवणाऱ्या, वाचकांची पत्रं वाचून विषय ठरवणाऱ्या संपादक मराठीत कमी झाल्या नाहीत. हिंदीत मृणाल पांडे यांनी 'हिंदुस्तान' या बहुआवृत्ती दैनिकाचं मुख्य संपादकपद सांभाळून दैनिकही चालवता येतं हे दाखवलं. त्यामुळे कुवतीचा प्रश्न नाहीच. मासिकाकडून दैनिकाकडे, पुरवणीकडून पान एककडे जाणारा पूल आपल्याकडे कच्चा आहे.

तो का कच्चा आहे, हे जिल्हा कचेरीत बसलं की समजतं. सांगली किंवा साताऱ्यातल्या ब्युरोत चार-सहा माणसं असतात. क्राईम, महापालिका, झेडपी, साखर कारखाने, मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे हे वजनदार बीट, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेले विषय. शाळा-कॉलेज, संस्कृती, महिला दिन हे हलके मानलेले. नव्या मुलीच्या वाट्याला कुठले येतात ते सांगायला नको. तिला त्रास नको या काळजीपोटीही येतात, पण कारखान्याच्या वार्षिक सभेला कधीच न गेलेली व्यक्ती पुढे ब्युरो चीफ कशी होणार? साखरेचं राजकारण ज्याला कळत नाही, त्याला या दोन जिल्ह्यांचं राजकारण कळत नाही.

दुसरी अडचण जाहिरातींची. तालुक्याच्या वार्ताहराकडून बऱ्याच ठिकाणी बातमीबरोबर जाहिरातीचीही अपेक्षा असते, वर्धापनदिनाच्या पुरवणीला तर हमखास. त्यासाठी पुढाऱ्यांच्या, बिल्डरांच्या, कारखान्यांच्या दारात जावं लागतं. ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, ही कोंडी पुरुषांनाही असते. मुलीला त्यात रात्रीच्या बैठका आणि नको तितकी सलगी यांची भर पडते. बातमी आणि जाहिरात यांची माणसं वेगळी ठेवली, तर या एका सुधारणेने मुलींची गळती बरीच थांबेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी रात्रपाळी. डेस्कवर वर जायचं तर रात्री पान लावावंच लागतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रीला तिच्या संमतीने रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत काम देता येतं, मात्र सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. म्हणजे 'बाईला रात्री ठेवता येत नाही' हे कारण आता चालत नाही, आणि 'रात्री थांब, जायचं तुझं तू बघ' हेही चालत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून छोट्या ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ही माहिती जिल्हा कचेऱ्यांत काम करणाऱ्या मुलींना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिली.

तेव्हा या क्षेत्रात येणाऱ्या मुलीने मुलाखतीतच विचारावं: पहिल्या वर्षात मला कोर्ट, पोलीस, झेडपी यांपैकी एक तरी बीट मिळेल का? आठवड्यातून किती रात्रपाळ्या, आणि परतीची गाडी कोणाची? जाहिरातीचं टार्गेट आहे का? दोन-तीन वर्षं झाली की पुढचा प्रश्न: निवडणुकीच्या किंवा गणपतीच्या काळात एखादी जिल्हा आवृत्ती आठवडाभर माझ्याकडे द्याल का? तो आठवडा बिनचूक जाणार नाही. एखादं हेडिंग फसेल, एखादी बातमी दुसऱ्या पेपरात आधी येईल, सकाळी सात वाजता वरिष्ठांचा फोन येईल. पण आवृत्ती कोणी काढली, याच्या नोंदीत तिचं नाव लागेल, आणि निवासी संपादकाची जागा रिकामी होते तेव्हा त्याच नोंदी उघडून बघितल्या जातात.